कोल्हीण कोणाची

धाकट्या जावेच्या अंगणात कोल्हीण पिल्लं घेऊन आली, त्या वसंतापासून किनुएला अन्न गोड लागेनासं झालं.

तसं दोन घरांत अंतर फार नाही. मध्ये एक ओढा आणि या दोघा इगाराशी भावांचंच बटाट्याचं शेत. ओढ्याच्या खालच्या अंगाला, सरोवराला लागून, थोरल्या भावाचं म्हणजे शिगेओचं घर. तो मासेमारीला जायचा आणि त्याची बायको किनुए घराच्या अर्ध्या भागात भाड्यानं पाहुणे उतरवायची. वरच्या टेकाडावर धाकटा नोबुयुकी आणि त्याची बायको सावाको. सावाको सापोरोची, शहरात वाढलेली. तिनं टेकाडावर पांढरंशुभ्र घर बांधलं, सरोवराच्या बाजूनं भिंतभर काच लावली आणि तीही पाहुणे ठेवू लागली. किनुए तेव्हा नवऱ्याला एवढंच म्हणाली, "काच पुसता पुसता हात मोडतील तिचे."

किनुए सावाकोला पाण्यात पाहते हे आमच्या सगळ्या गावाला ठाऊक होतं. कारण विचाराल तर सासूबाई. म्हातारी दोन हिवाळे अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं, अगदी सगळं, किनुएनं केलं. सावाको आठवड्यातून एकदा फुलं घेऊन यायची. आणि शेवटच्या दिवशी म्हातारीनं डोळे उघडून विचारलं काय, तर, "सावाको नाही आली?" किनुएच्या हातात तेव्हा पेजेची वाटी होती. ती वाटी तिनं तशीच नेऊन मोरीत ओतली. या गोष्टीबद्दल ती कोणाशी कधी बोलली नाही, पण सावाकोचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा.

आणि आता ही कोल्हीण. संध्याकाळी टेकाडावरच्या काचेमागे पाहुणे जमत. कोल्हीण येऊन ऐटीत पायरीवर बसे, चार पिल्लं गवतात लोळत. सावाको कोंबडीचे तुकडे टाकी आणि पाहुणे फोटो काढत. एका पाहुण्याचा फोटो मासिकात छापून आला आणि टेकाडावरच्या खोल्या उन्हाळाभर भरल्या. ओबिहिरोचं एक म्हातारं जोडपं किनुएकडे वर्षानुवर्षं उतरायचं. त्या उन्हाळ्यात त्यांनी फोनवर जरा चाचरतच सांगितलं, "यंदा वर राहतो हं. तेवढी कोल्हीण बघायची आहे."

"बघा की," किनुए म्हणाली. "कोल्हीण काय, रोज थोडीच दिसते!" फोन ठेवून तिनं मुळा इतक्या जोरात चिरला की शिगेओ बाहेरून डोकावला.

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या कोठीपाशी साल्मन माशांची डोकी ठेवायला लागली.

शिगेओच्या ते लक्षात आलं. "अगं, कोल्ह्यांना खायला घालू नका म्हणून गावच्या कचेरीनं पाट्या लावल्यात."

"टेकाडावर नाहीत वाटतं पाट्या?"

"तिचं तिच्यापाशी."

"तेच तर दुखणं आहे," किनुए म्हणाली. "सगळं तिच्यापाशीच असतं."

कोंबडीपेक्षा मासा कोल्ह्याला जास्त आवडतो, आणि साल्मनची डोकी आमच्याकडे ढिगानं. उन्हाळा संपायच्या आत कोल्हीण किनुएच्या हातून खायला लागली. पुढच्या वसंतात तर तिनं बीळच किनुएच्या कोठीखाली केलं, ओढ्याच्या अगदी काठाला. पिल्लं पाण्यात पाय बुडवून खेळत. किनुएनं पाहुण्यांसाठी तिथं बाकडं टाकलं. ओबिहिरोचं जोडपं खाली परत आलं. ती त्यांना ओढ्याच्या पाण्याचा चहा द्यायची आणि सांगायची, "वर टेकाडावर कचेरीचा नळ आहे. त्या पाण्याला औषधाचा वास. आमचं हे डोंगराचं पाणी, तसंच प्या हवं तर." तिच्या घरात सगळं त्याच पाण्यावर चालायचं. भाज्या त्यातच धुवायच्या, लोणच्याचे मुळे त्यातच भिजायचे.

एका दुपारी सावाको ओढा ओलांडून आली. बाकड्यापाशी उभी राहून ती पिल्लांकडे बघत राहिली.

"ताई, माझी कोल्हीण तुमच्याकडे आली वाटतं."

"तुझी? गळ्यात पट्टा काही दिसला नाही मला."

सावाको हसली, पण तिचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा किनुएला पुढचे कित्येक दिवस पुरला. अंघोळीच्या गरम पाण्यात बसली की ती तो आठवायची.

वर्षं गेली. त्या कोल्हिणीमागून तिची लेक आली, लेकीमागून तिची पिल्लं. कोठीखालचं बीळ काही रिकामं राहिलं नाही. सावाकोनंही हार मानली नव्हती. तीही मासे ठेवायला लागली, त्यामुळे टेकाडावरही एक कोल्हीण कायमची झाली. इतके कोल्हे झाले की गावात दुपारीसुद्धा रस्त्यावर दिसायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणे येत होते ना.

मग एका शरदात कचेरीनं नेहमीसारखी गावकऱ्यांची रक्ततपासणी ठेवली आणि थोड्या दिवसांनी किनुएला शहराच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टरांनी तिला पडद्यावर यकृताचं चित्र दाखवलं. उजव्या बाजूला एक पांढुरका डाग होता, कडा खरबरीत.

"कोल्ह्याच्या पोटात एक जंत असतो," डॉक्टर म्हणाले. "कोल्हा रानउंदीर खातो, त्यातून त्याला मिळतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती पाण्यात, भाजीवर, हाताला लागून माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात घर करतात. फार हळू वाढतो हा रोग. दहा वर्षं, पंधरा वर्षं काही कळतच नाही."

"आमच्या घरातल्यांना?"

"तुमचे यजमान ठीक आहेत. एकच पाणी प्यायलं तरी कोणाला होतो, कोणाला नाही होत."

किनुएनं पडद्यावरचा डाग पुन्हा एकदा नीट पाहिला. मग तिनं विचारलं, "माझ्या जावेचं रक्त कसं निघालं?"

डॉक्टरांनी ते सांगता येत नाही म्हटलं. पण ते गावात कळायला वेळ लागला नाही. सावाकोचं रक्त स्वच्छ होतं.

परतताना गाडीत किनुए पहिल्यांदा बोलली ती अर्ध्या वाटेत. "कोल्हीण तिनं माजवली. आणि रोग मला."

"तूही घातलंस की खायला," शिगेओ हळूच म्हणाला.

"मी नंतर घातलं!"

गावानं तिची विचारपूस केली, आपल्या पद्धतीनं. शिंपले सोलायच्या शेडमध्ये तिच्याशेजारी बसणारी तोमेको तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "जळून जळून काळीज खराब होतं म्हणतात, ते खरंच की गं!" सगळ्या बायका हसल्या. किनुएही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं दार लावून घेतलं.

शस्त्रक्रिया सापोरोत झाली. यकृताचा बराच भाग काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर पोट म्हणजे दुसऱ्याच कोणाचं तरी आपल्या अंगावर ठेवलंय असं तिला वाटायचं. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचं आणि ती आपल्या घरातल्या पाहुण्यांचा विचार करायची. कारण पाहुणे सावाको सांभाळत होती. दुसरं कोणी नव्हतंच.

शिगेओ भेटायला आला तो खुशीत. "काही काळजी करू नकोस. सावाको छान बघते सगळं. पाहुणे खूश आहेत. तिनं ओढ्याची नळी बंद करून कचेरीचं पाणी जोडून घेतलंय."

"माझ्या घरात? मला न विचारता?"

"तुला त्या पाण्यानंच इथं आणलंय."

"आणि लोणचं? लोणचं कोण वाढतं?"

"तुझं सगळं टाकून दिलं, त्याच पाण्यातलं होतं ना. तिनं नवीन घातलं." ही बाई आजारी आहे हे विसरून शिगेओनं खरं ते सांगितलं. "बरं झालंय."

किनुएनं तोंड भिंतीकडे केलं. तिला वाटलं, म्हातारीनंतर आता हाही.

ती घरी आली तेव्हा बर्फ वितळत होतं. घर लख्ख होतं. तांदळाचा डबा जागेवरून हलला होता, चहाचे पेले आकारानं लावले होते. आभार मानायचे म्हणून ती टेकाडावर गेली, आभार मानले, आणि परत येऊन पहिलं काम केलं ते डबा जुन्या जागी ओढून ठेवायचं. टाके ताणले गेले तशी तिथंच खाली बसली.

त्या वसंतात कचेरीनं सभा बोलावली. तपासणीत आणखी एक रोगी निघाला होता, बीटची शेती करणारा, उमदा माणूस. ओगिनो नावाची गुरांची डॉक्टर बोलायला आली होती. तिनं ओढ्याकाठची आणि टेकाडावरची कोल्ह्यांची विष्ठा तपासली होती. जवळजवळ निम्म्या नमुन्यांत अंडी होती.

किनुए उठली. "गोळ्या घाला सगळ्यांना. आधी टेकाडावरच्या कोल्हिणीला."

काही जणांनी माना डोलावल्या. सावाको मान खाली घालून बसली होती.

"मारून भागलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं," ओगिनो म्हणाली. "पण एक मेला की त्याच्या जागेत दुसरा येतो, आणि रानउंदीर आहेत तोवर तोही जंत घेऊनच येणार. त्यापेक्षा कोल्ह्यालाच औषध देऊ. माशाच्या पिठाच्या वड्या करायच्या, आत जंताचं औषध, आणि दर महिन्याला बिळांपाशी, वाटांवर टाकायच्या. कोल्हा बरा तर पाणी बरं. पाणी बरं तर आपण बरे. फक्त हे करायला माणसं हवीत, आणि सोडून चालणार नाही."

मग सावाको उभी राहिली.

"कोल्ह्यांना अंगणात खायची सवय मी लावली," ती म्हणाली. "वड्या मी करीन." आणि ती वाकली, कमरेतून, खूप वेळ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोमेकोनंही वाजवल्या. किनुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक करायची हिनं, आणि टाळ्याही घ्यायच्या हिनंच! पोटावर हात दाबून ती पुन्हा उठली.

"ओढ्याच्या अलीकडचं मी करीन."

"अगं, तुझी तब्येत…" शिगेओ म्हणाला.

"अलीकडचं मीच करीन," किनुए म्हणाली.

औषध ओगिनो मोजून द्यायची, पीठही तिचंच. वर टेकाडावर सावाको तिच्या स्वच्छ स्वयंपाकघरात वड्या थापायची, खाली किनुए तिच्या कोठीत. बिळांपाशी ओगिनोनं कॅमेरे लावले होते. पहिल्याच महिन्यात दिसलं की दोघींच्याही वड्या कोल्हे हुंगतात आणि सोडून देतात. किनुएला एक गोष्ट सुचली. साल्मनची कातडी आणि पोटातलं सगळं एका बरणीत आंबवून तिनं वर आलेलं तेल काढलं. त्याचा वास असा की शिगेओनं जेवायचं पान उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. ते तेल तिनं पिठात मळलं. दुसऱ्या महिन्यात तिच्या वड्या सकाळपर्यंत शिल्लक राहीनात. सावाकोच्या वड्यांना बुरशी येत होती.

शरदात ओगिनोनं निकाल सांगितला. ओढ्याच्या अलीकडच्या विष्ठेत अंडी क्वचितच सापडत होती. टेकाडावर मात्र काही फरक नव्हता.

"किनुए-सान, तुम्ही काही वेगळं करता का?" ओगिनोनं विचारलं.

"छे, तुम्ही सांगितलं तेच."

सावाको निकाल ऐकून खाली आली. बोटांना पीठ तसंच चिकटलेलं. "ताई, वड्यांत काय घालता हो तुम्ही? माझ्या खातच नाहीत."

"तू घालतेस तेच." किनुएनं बरणीपुढे फळी सरकवली. "हाताला चव असावी लागते."

त्या रात्री तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. गावात लोक म्हणू लागले, किनुएचं काम बघा, आजारातून उठून! शेडमध्ये तोमेको तिच्यासाठी शेकोटीजवळची जागा सोडायला लागली. सावाको रोज सकाळी टोपली घेऊन टेकाडावरच्या वाटांवर फिरताना दिसायची. जुन्या वड्या उचलायची, नव्या ठेवायची. किनुए खिडकीतून बघायची आणि चहा प्यायची.

वसंत आला तसा तिच्याच कोठीमागे, ओढ्याच्या काठाला, ओगिनोला पुन्हा अंडी सापडली. भरपूर.

"असं कसं?" किनुए भडकली. "माझ्या कोल्ह्यांनी सगळ्या वड्या खाल्ल्यात!"

ओगिनोनं कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. डाव्या कानाला चीर पडलेली एक लुकडी कोल्हीण ओढ्यावर पाणी पीत होती. "ही वरची. बर्फात तिकडे उंदीर मिळेनात, म्हणून इकडे उतरली."

शिगेओ जाळं शिवत होता. मान वर न करताच म्हणाला, "तिला काय कळतं, कुठलं थोरलीचं अन् कुठलं धाकटीचं."

त्याच आठवड्यात शेडमध्ये तोमेकोनं किनुएला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस? सावाकोचं रक्त यंदा संशयी निघालंय. सापोरोला बोलावलंय, यकृताचं चित्र काढायला."

जे खरं ते सांगायला हवं. किनुएच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: आता कळेल. आता कळेल तिला, फुलं घेऊन येणं आणि पडून राहणं यांत काय फरक असतो. शिंपला सोलायची सुरी तिच्या हातात होती. ती तशीच राहिली. मग तिला ते यंत्र आठवलं, त्या यंत्राखालची थंडगार फळी, श्वास धरा म्हणणारा आवाज, आणि शुद्धीवर आल्यावर पोट दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं वाटणं. सावाकोला तिथं पडलेली तिनं पाहिली. हा आजार पूर्वीचा असणार, गेल्या वर्षाच्या वड्यांशी त्याचा संबंध नसणार, हे तिला डॉक्टरांमुळे ठाऊक होतं. तरी तिला सावाकोची ती टोपली आठवत राहिली.

"बरं वाटत नाहीये," असं सांगून ती घरी आली, बरणी काढली आणि टेकाड चढली. वाटेत दोनदा बसावं लागलं.

सावाकोनं दार उघडलं. किनुएनं बरणी पुढे केली. "हे घालते मी. साल्मनच्या कातड्याचं तेल. आंबवलेलं."

सावाकोनं बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पहिल्यापासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"मी विचारलं तेव्हा…"

"हो."

"सबंध हिवाळा मी त्या बर्फात हिंडले, ताई." सावाकोचा आवाज चढला नाही, त्यानं किनुएला जास्त लागलं. "मला वाटायचं, माझं पाप म्हणून कोल्हेसुद्धा माझ्या हातचं खात नाहीत. आणि तुम्ही खिडकीत बसून चहा पीत होतात. दिसायचात तुम्ही मला."

तिनं दार लावून घेतलं. किनुए पायरीवर उभी राहिली. आता परत फिरावं की बरणी इथंच ठेवावी, हे तिला ठरवता येईना. बऱ्याच वेळानं दार पुन्हा उघडलं.

"द्या ती बरणी," सावाको म्हणाली. "किती घालायचं?"

"हातानं मळून दाखवावं लागेल."

"माझ्या स्वयंपाकघरात हा वास नको. तुमच्या कोठीत येते."

ती आली, नाकाला रुमाल बांधून. पहिले काही महिने दोघी कामापुरतंच बोलत. "जाड झाली." "तुमची पातळ आहे." "तेल कमी पडलं." "पाहुणे काय म्हणतील माझ्या अंगाला हा वास आला तर!" "म्हणतील, आता कुठं कोळ्यांच्या घरची सून शोभतेस." त्यावर सावाको रुमालाआड हसली असं किनुएला वाटलं, पण खात्री नव्हती. सापोरोच्या डॉक्टरांनी चित्रात काहीतरी बारीक दिसतंय, पण वर्षभरानं पुन्हा बघू, असं सांगितलं होतं. त्याबद्दल दोघीही बोलत नव्हत्या. फक्त जड पोती सावाको उचलायची, आणि तिची सापोरोची तारीख किनुए विचारून घ्यायची.

पाहुण्यांना कोल्ह्यांना खायला घालायला दोन्ही घरांत बंदी झाली. काही पाहुणे रुसले. ओबिहिरोचं जोडपं मात्र येत राहिलं, एक वर्ष वर, एक वर्ष खाली. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची अंडी हळूहळू कमी होत गेली, संपली मात्र नाहीत. ओगिनो म्हणायची, थांबलात की पुन्हा येतील. म्हणून दर महिन्याला कोठीत तो वास सुटायचाच.

वर्ष झालं तशी सावाको सापोरोला गेली. त्या दिवशी किनुए सकाळपासून फोनपाशी होती. मुळे चिरून झाले, मग कांदे, मग चिरायला काही उरलं नाही. दुपारी फोन वाजला.

"ताई, काही नाही निघालं. तो डाग जन्मापासूनचाच आहे म्हणे, साधी गाठ आहे. रक्तही स्वच्छ."

"बरं झालं," किनुए म्हणाली. "बरं झालं गं बाई." फोन ठेवला आणि ती तिथंच जमिनीवर बसली. शिगेओ धावत आला. तिचे डोळे वाहत होते.

"काय झालं? वाईट आहे?"

"नाही, छान आहे सगळं." तिनं पदरासारखा एप्रन ओढून डोळे पुसले, नाक पुसलं आणि थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "नशीबच हो तिचं! मला पोटभर टाके, आणि हिला नुसती सापोरोची सहल."

"अगं…"

"आणि येताना नक्की नवीन कोट घेऊन येईल, बघा तुम्ही."

सावाको कोट घेऊन आली. चांगला होता. किनुएला तो इतका आवडला की तिनं दोन दिवस त्याकडे पाहिलंच नाही.